गिनीपिगची गादी

तसं नाई जी पंजाबराव, तुमच्या वैष्णवीच्या लग्नाची गादी आजच होते, तुमी निवांत बसा — घरच्या कापसाची गादी पोरीले देऊन राह्यले तुमी, बोरी अरबवरून गठुडं घेऊन आले, तर गफ्फार गादीवाला काय तुमाले रिकामा धाडन? या साली बोंडअळीनं काय ठेवलं त्या कापसात ते मले दिसून राह्यलं — पिवळा, किडका, कवडी कवडी — पन मी हातानं निवडतो, मंगच मशिनीत टाकतो. पोरगी त्याच्यावर जलमभर झोपन. पन तवरक माहं एक काम करा. त्या समोरच्या दुकानात जा, लाल पाटीवाल्या, आन् फ्लीसचं कापड आना. हो, तेच मऊ मऊ, ज्याचे ब्लँकेट निघाले आता. मी काहून नाई जात? मी नाई जात. अब्रारचं दुकान हाये ते. माहा पोरगा. तुमाले माहीत नोतं? अख्ख्या दारव्ह्याले माहीत हाये, बोरी अरबले पोचलं नाई म्हना.

कोनासाठी म्हनजे — आता पाठीमागं पाहा तुमच्या. पिंजरा. भेऊ नका, घूस नाई ती. सारे पह्यले घूसच म्हनतेत. तानाबाई उशीच्या खोळी न्याले आलती, तिनं तं चप्पल उचलली. गिनीपिग म्हनतेत त्याईले, शेपटी नाई, आवाज चिमणीचा आन् खाणं बैलाचं — हिरव्या सांभाराची, कोथिंबिरीची जुडी समोर ठेवा, काडी उरत नाई. माह्या नातनीचे हायेत, जेबाचे. अब्रारचीच पोट्टी. नागपूरवरून मामानं आनून देल्ले, आन् तिची माय म्हने माह्या घरात वास नाई पाहिजे. मंग पोट्टी पिंजरा घेऊन सरळ रस्ता ओलांडून इकडं आली. दादा, ठेवून घ्या. मी काय नाई म्हनतो? गादीवाल्याच्या घरी पाहुणा आला आन् त्याले अंथरुन नाई, असं कधी होते काय?

तर मी गादी केली. हसा, हसा. अस्सल कापूस, बोंडअळीच्या आदीचा, ठेवनीतला — तो मी कोनाले दाखवत नाई — दोनदा पिंजला, मलमलची खोळ शिवली, टाके घातले, चार कोपरे असे बसवले का नवरदेवाले द्यावी. टाकली पिंजऱ्यात. ते दोघं चढले, बसले, मले वाटलं जिंकलो. सकाळी पाहतो तं — काय सांगू तुमाले — गादी फाडली, अर्धा कापूस बाहेर, उरलेला ओला गच्च, आन् वास असा का मशिनीचा पट्टा जळून राह्यला तरी कळू नाई. आन् ती लहान, चिंगी, पोट फुगवून कोपऱ्यात पडलेली. कापूस खाल्ला तिनं. जेबा आली, पाह्यलं, चिंगीले ओढनीत गुंडाळलं. ढोराच्या डॉक्टरकडं नेलं, तो म्हने गफ्फारभाई, आजपर्यंत सरकी खाऊन फुगलेली म्हैस पाह्यली, हे पह्यलंच. वाचली ती. पन माहा कापूस, पंजाबराव. माह्या कापसानं कोनाचं पोट दुखलं, असं या दुकानात कधी झालं नोतं.

मंग पोट्टीनं मोबाईलवर पाह्यलं, म्हने फ्लीस पाहिजे. म्या म्हनलं, ते प्लास्टिक? माह्या उंबऱ्याच्या आत? बरं, आना, पाहू. कपातलं पानी टाकलं त्याच्यावर — थेंब तसेच उभे, अळूच्या पानावानी. मी हसलो, म्हनलं पाह्य बाई, हे तं पितच नाई. ती म्हने दादा, नवं हाये, धुवा लागते आदी, चांगलं दोन-तीन खेपा, आन् तो वासाचा साबन नाई टाकायचा. धुतलं. खाली जुना टॉवेल टाकला, वर हे, आन् पुन्हा पानी ओतलं — खाली गेलं सारं. टॉवेल ओला, वर हात फिरवा तं कोरडं. मी हात फिरवला. परत फिरवला. आता तुमाले खरं सांगतो, कापसाची जात अशी हाये का त्याले जे द्यान ते तो धरून ठेवते. घाम धरन, ऊब धरन, पोरगी सासरी रडली तं तेबी धरन. हे कापड काही धरत नाई, खाली सोडून देते आन् मोकळं होते. मानसाले कापूसच पाहिजे. पन त्या जनावराले धरून ठेवलेलं चालत नाई. मानलं मी. मोठ्यानं नाई मानलं, तुमालेच सांगून राह्यलो.

अब्रारशी काय भांडन? भांडन काही नाई. त्यानं फोमचं दुकान टाकलं, बापाच्या दारासमोर, आन् मी भर बाजारात म्हनलं का ज्याले कापूस पुरला नाई त्यानं माही पायरी चढू नाई. तो चढला नाई. लई आज्ञाधारक पोरगा हाये. तवापासून मी कापड दुसऱ्याच्याच हातून बोलावतो — शेजारच्या हरिसिंगले धाडलं, त्यानं टेडीबियरवालं आनलं. तेबी आज सकाळी दोरीवर वाळत होतं तं कुत्रं घेऊन पळालं. आन् शाळा सुटली का जेबा येते. रोज येते. जनावरायसाठी येते, मले माहीत हाये, माह्यासाठी नाई — पन येते तं सही, इथं गठ्ठ्यावर बसते, दादा दादा करते. ओलं अंथरुन पाहून उद्या पिंजरा उचलून नेला तं हे दुकान लई मोठं होईन मले. जा नं जी. सांगा, बकरीच्या पिलाले पाहिजे. माहं नाव नका घेऊ.

…आले? लई लवकर आले. दाखवा. हे काय — म्या कापड सांगतलं होतं, थानातलं. हे तं कापलेलं हाये. चारी बाजूनं शिवलेलं. थांबा, टाकून पाहू. सरक गे चिंगी. बसलं. बोटभर इकडं नाई, बोटभर तिकडं नाई. माप सांगतलं तुमी त्याले? नाई? मंग काय म्हनले? बकरीचं पिलू. आन् तो? गल्ल्याच्या खालून काढून देल्लं. तयार होतं म्हनजे. शिवून ठेवलं होतं.

हा टाका पाहा, पंजाबराव. धागा आतून घेतला, गाठ वर येऊ देल्ली नाई, का कोनाच्या पायात अडकू नाई. हा टाका कंपनीत नाई घालत. हा टाका माहा हाये. तो एवढासा होता, माह्या मांडीजवळ बसून बोटाले सुई टोचून टोचून शिकला, आन् मले वाटलं का फोमच्या मांगं लागून विसरला असन. नाई विसरला. लई बरं वाटून राह्यलं मले, खोटं कायले बोलू.

पन हा कोपरा पाहा. टाका सैल हाये थोडा. नाई दिसत? तुमाले नाई दिसनार. मले दिसते. सैलच हाये. असं कसं चालन, त्याले सांगा लागते, बाजूले बसवून दाखवा लागते — कोनाच्या हातून निरोप धाडून नाई समजत टाका. माही टोपी द्या तठची. तुमची गादी? उद्या. उद्या सकाळी या. नाई जी, आज नाई होत आता, उठा, शटर ओढून राह्यलो मी.