सरासरी गवताचं कुरण

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालक मंडळाचे सदस्य, आज माझ्याबरोबरच निवृत्त होणारे आपल्या गोपैदास केंद्राचे व्यवस्थापक साहेब, त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या बाई, आणि गोठ्यातलं काम अर्ध्यावर टाकून, हातपाय धुऊन इथे आलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

साहेब, बावीस वर्षांपूर्वीची एक सकाळ तुम्हाला आठवते का? तुमचा इथला दुसरा की तिसरा दिवस होता. चाऱ्याच्या कोठारासमोर ओट्यावर आपण तिघं चहा पीत होतो. तुम्ही, मी आणि काठीकाका. कप दोनच होते, म्हणून काकांनी किटलीच्या झाकणात चहा घेतला. तुम्ही वही काढून विचारलंत, "एक गाय रोज किती खाते?" काका म्हणाले, "कधी?" तुम्ही म्हणालात, "कधी म्हणजे काय? रोज." काकांनी चहा फुंकला आणि शांतपणे म्हणाले, "हो, पण कधी?"

हा किस्सा तुम्ही पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगितलात आणि पाहुणे हसले. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू. पण बावीस वर्षांत तुम्हाला तो प्रश्न कळला नाही, याचं आज हसू येत नाही.

नव्या मंडळींसाठी सांगते. काठीकाका आपले कुरणप्रमुख. कमरेएवढी काठी आणि तिच्यावर चाकूने केलेल्या खुणा. दर सोमवारी सातही कुरणं पायी फिरायची, गवतात काठी उभी करायची, उंची वहीत लिहायची. त्यांचं शास्त्र एवढंच की गवत वर्षातले चार महिने धावतं, चार महिने चालतं आणि चार महिने झोपतं. गाय सगळ्यात जास्त खाते ती व्याल्यावर. तेव्हा गाई अशा बेताने भरवायच्या, म्हणजे गाभण करायच्या, की गवत धावायला लागलं की त्या व्याव्यात आणि ते झोपेल तोवर भाकड व्हाव्यात. शिवाय ओढ्याकाठचं कुरण वेळेवर बंद करून तिथलं गवत उभंच वाळू द्यायचं, कोरड्या दिवसांसाठी. हे समजायला पदवी लागत नाही. न समजायला मात्र दोन लागतात, असं मी इथे पाहिलं.

साहेबांनी तक्ता केला. फार देखणा होता, मीच टाईप केला. वर्षाचं सगळं गवत एकत्र करून त्याला बाराने भागलं. दर महिन्याच्या रकान्यात तोच आकडा, दर महिन्याला तेवढ्याच गाई विणार, दूधही बारा महिने सारखं. शिवाय आकडा शिलकीचा दिसला म्हणून तीस गाई वाढवल्या आणि ओढ्याकाठचं कुरण उघडलं. काकांनी बाराही रकाने बोट ठेवून वाचले. मग अगदी अदबीने म्हणाले, "साहेब, हे सरासरी गवत कुठल्या कुरणात उगवतं तेवढं दाखवा. मी गाई तिकडे नेतो."

"तुम्ही गाई बघा. आकडे मी बघतो."

"बरं. आकडे दूध द्यायला लागले की मला बोलवा."

कोरडे महिने आले तेव्हा ताज्या व्यालेल्या गाई उघड्या जमिनीवर उभ्या होत्या. बाहेरून चारा मागवा, असं काकांनी तीनदा लिहून दिलं. तिन्ही चिठ्ठ्या साहेबांच्या टेबलावर दगडाखाली राहिल्या, कारण तक्त्याप्रमाणे चारा शिल्लक होता. एका सकाळी मास्तरीण बसली. मास्तरीण म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी आपली पांढऱ्या कपाळाची म्हातारी गाय. पोटाखाली पोती घालून आम्ही सहाजणांनी तिला उचललं, काका तिच्या कानाशी काहीतरी बोलत होते. ती उठली नाही. तिच्यामागून आणखी आठ गेल्या.

मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला बजावायच्या की भागाकारात बाकी उरली तर ती लिहायची, खोडायची नाही. साहेबांच्या भागाकारात नऊ गाई बाकी उरल्या आणि ती बाकी काकांच्या नावावर लिहिली गेली. 'कुरणप्रमुखाच्या निष्काळजीपणामुळे', असा शेरा. त्यांना काढून टाकलं. तो अहवालही मीच टाईप केला. तिन्ही चिठ्ठ्या तोवर माझ्या फाईलमध्ये होत्या आणि मी गप्प बसले. काका सही करायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "बाई, नाव नीट लिहिलंत ना? मागच्या वेळी चुकलं होतं." म्हणून तिरस्काराचा जो वाटा मी आज साहेबांना देते आहे, त्यातला माझा मी काढून ठेवला आहे.

पुढच्याच वर्षी तक्ता भिंतीवरून उतरला. गाई पुन्हा गवताबरोबर विऊ लागल्या, ओढ्याकाठचं कुरण पुन्हा बंद झालं. मग साहेबांच्या नावाने पुस्तिका निघाली. तिच्या अकराव्या पानावर काकांच्या काठीचं चित्र आहे. साहेबांनी तिला 'मापनदंड' असं नाव दिलं आहे. आणि आजच्या मानपत्रात साहेब 'ऋतुमानानुसार चारा नियोजनाचे प्रणेते' आहेत. साहेबांचा एक गुण मी मोकळेपणाने मान्य करते. त्यांच्या हातून चूक कधीच झाली नाही. ती त्यांनी नेहमी दुसऱ्याच्या हातून झालेली दाखवली.

काका आता लेकीकडे असतात. मी महिन्यातून एकदा जाते. शेरा निघाला का, असं ते विचारत नाहीत. विचारतात, यंदा पहिली गाय कधी व्याली. पण त्यांच्या लेकीने मला दारापर्यंत सोडताना सांगितलं, "बाई, बाबा तो शेऱ्याचा कागद उशाशी ठेवून झोपतात."

मंडळाने मला बोलायची संधी दिली, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर वयाकडे पाहून पदरात घ्या. आता हातातलं देऊन मोकळी होते.

कपाटाच्या किल्ल्या कोठारवाल्या दादांना द्याव्यात. काकांच्या एकोणीस वह्या नव्या बाईंना. बाई, पहिला सोमवार चुकवू नका. मानपत्र साहेबांनाच द्या, ते दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही. तिन्ही चिठ्ठ्या अध्यक्ष महोदयांना, त्यांच्या समोरच्या पिवळ्या पाकिटात आहेत. चिठ्ठ्यांखाली काकांवरचा शेरा रद्द केल्याचं पत्र आहे, नाव दोनदा तपासलं आहे, सहीपुरती जागा सोडली आहे. ते मी आजच स्वतः काकांना नेऊन देणार आहे. बस पावणेसहाला आहे, तेव्हा साहेबांचं भाषण सही झाल्यावर ठेवावं, ही विनंती.