निवृत्तीची तारीख : २४ एप्रिल १९०२

अनवरी : म्हणजे नाना, मी एकोणीसशे दोनमध्येच रिटायर झाले?

चुडामणनाना : चोवीस एप्रिलला. कॉम्प्युटरचं म्हणणं तसं आहे. म्हणून सूतगिरणीच्या कामगार यादीत तुझं नाव चढत नाही.

अनवरी : पण मी अजून रुजूच कुठं झाले? सोमवारी, एक जून अठ्ठ्याण्णवला व्हायचंय. बोदवडहून पॅसेंजरनं तिसऱ्यांदा आले जळगावला.

लताबाई : नाना, आस्थापनेत मी बसते, बोलणी मला खावी लागतात. शनिवारपर्यंत नाव चढलं नाही तर साहेब प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव घेणार.

अनवरी : अब्बा पिंजारी, नाना. कापूस पिंजून पिंजून छाती गेली त्यांची. घरात कमावणारी आता मीच.

चुडामणनाना : ऐक पोरी. कॉम्प्युटरच्या कंपनीनं मशीनबरोबर तारखांची लायब्ररी दिली, म्हणजे तयार हिशेबांचा गठ्ठा. ती सत्तर सालापासूनचे सेकंद मोजते. दोन अब्जांच्या जरा वर गेलं की तिची पाटी भरते आणि आकडा उलटा फिरून थेट एकोणीसशे एकमध्ये जातो. पाटी भरणार दोन हजार अडतीसच्या जानेवारीत. तुझी निवृत्तीची अठ्ठावन्न वर्षं भरणार त्याच वर्षी मेअखेर.

लताबाई : तुम्हाला हे ठाऊक होतं?

चुडामणनाना : शहाऐंशीत मीच बसवली ती. म्हटलं, अडतीस साल कोण बघतंय. चुकलंच माझं.

लताबाई : मग एकतीस डिसेंबर सदतीस टाका. मशीन गप्प, साहेब गप्प. चाळीस वर्षांनी पाच महिन्यांचं कोण विचारतंय?

चुडामणनाना : हीच विचारेल. तेव्हा उत्तर द्यायला ना तुम्ही असाल, ना मी.

अनवरी : नाना, अम्मी म्हणते मी त्याआधीच्या कार्तिकातली, कापूसवेचणीतली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहिलं. खरी तारीख धरली तर मी सदतीसमध्येच बसते. बदला ना.

चुडामणनाना : आमना पिंपळनेरमा बठ्ठा पोरे एक जूननाच शेतस. सगळी पोरं एक जूनची, मीसुद्धा. म्हणून तर रविवारी माझी नोकरी संपते, सुट्टी म्हणून शनिवारीच. पण तुझ्या दाखल्यावर जून आहे. तो बदलायला वर्ष जाईल. आणि खोट मशीनची, मग जन्म तू का बदलायचा?

लताबाई : दोन दिवसांत काय करणार तुम्ही?

चुडामणनाना : सेकंद सोडतो, दिवस मोजतो. कंपनीची लायब्ररी उघडता येत नाही, तिच्या शेजारी माझी मांडतो. मग चारशे बारा नावं पुन्हा तपासायची. एकाचीही तारीख हलता कामा नये. तुमची जुनी नोंदवही लागेल.

लताबाई : वही देते, आणि बसतेही. तुम्ही वाचा, मी खुणा करते. तुमच्या चष्म्यावर माझा भरवसा नाही.

(शनिवार, दुपार.)

लताबाई : चारशे बारा जुळली. लोटन मिस्त्री तेवढे एक दिवस पुढे गेले होते, लीप वर्षाच्या घोळात. आणले मागे. आता चारशे तेरावं नाव. वाच गं तूच.

अनवरी : एकतीस मे... दोन हजार अडतीस.

लताबाई : झालं बाई. मी साहेबांची सही घेऊन येते.

अनवरी : नाना, ही नवी पाटी कधी भरेल?

चुडामणनाना : या वेळी मोजून घेतलं. तुझ्या पणतीच्या पणतीला पुरेल.

अनवरी : सोमवारी आपला दोघांचा वाढदिवस. कागदावरचा. अम्मी डब्यात सांजोऱ्या देणार आहे. दुपारी कँटीनला या.

चुडामणनाना : एक जूनला आजवर कुणी बोलावलं नाही मला. पण सोमवारी मी बाहेरचा माणूस. गेटवर कोण सोडेल?

अनवरी : तुम्ही या तर. पास मी काढून ठेवते. माझं नाव आहे आता यादीत.