नवा कोच चेंडू फेकणार नाही

…आणि वर मलाच म्हणतात, आबा, तुम्ही यात पडू नका, हा तुमचा खेळ नव्हे. आता तुम्हाला सांगतो, खेळ काय कुणाच्या सातबाऱ्यावर लिहिलेला असतो का? मी चौथी शिकलो. इचलकरंजीला मागावर बेचाळीस वर्षं काढली, आणि त्यातली बावीस वर्षं संध्याकाळी मैदानात कबड्डीचा संघ घडवला. तीन पोरं राज्याकडून खेळली. मला इंग्रजी वाचता येत नाही. पाय वाचता येतात.

शुगर लँडला मुलाकडे येऊन सहा वर्षं झाली. संग्राम, माझा मुलगा, तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. सून आश्लेषा फार्मासिस्ट. नात रुही इथल्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आणि या टेक्सासात कॉलेजचा फुटबॉल म्हणजे… लग्नाच्या तारखासुद्धा मॅच बघून काढतात हो. आपला लाथेचा फुटबॉल नव्हे. हा हातात धरतात. चार संधी मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात, त्यात दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलं की पुन्हा चार. एकतर चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसायचं, नाहीतर लांब फेकून पुढं पळालेल्या आपल्या गड्याला द्यायचा. झालं. एवढाच खेळ. बाकीचा सगळा बँडबाजा.

तर रुहीच्या कॉलेजानं जुना कोच काढला आणि बोमन नावाचा नवा आणला. झालं, घरात दुसरा विषय नाही. हा बोमन खेळवणार कसा? आमचा शेजारी गुरुनाथ, पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, माणूस चांगला, पण दाढ दुखली तरी आधी तक्ता काढणारा. तो लॅपटॉप घेऊन आला आणि बोमनच्या आधीच्या कॉलेजाचे आकडे दाखवायला लागला. "काका, डेटा बघा ना यार. शंभरात सत्तर वेळा तो चेंडू फेकतो. सत्तर. हवेतच ठेवणार तो बॉल." संग्राम म्हणाला, फेकणारच. टीव्हीवरचे चार कोटवाले म्हणाले, फेकणारच.

मी म्हटलं, फेकणार नाही. पळवणार.

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी सांगितलं.

आता हे मी हवेत बोललो का? एप्रिलमध्ये रुही मला त्यांचा सराव बघायला घेऊन गेली होती. त्या दिवशी सगळ्यांना बघू देतात. हजारो माणसं. आणि सगळी बघतायत कुणाकडं, तर तो चेंडू फेकणारा असतो ना, क्वार्टरबॅक, त्याच्याकडं. उंच, गोरा, दात पांढरेशुभ्र, जाहिरातीतला वाटावा असा. त्यानं चेंडू फेकला की सगळे आ करून आभाळात बघायचे. मी कोचकडं बघत होतो. बोमन त्या फेकणाऱ्याकडं फिरकलासुद्धा नाही. दोन तास तो उभा होता पुढच्या पाच धिप्पाड पोरांजवळ, ज्यांच्या हातात चेंडू जन्मात येत नाही, ज्यांची नावं त्यांच्या आयांशिवाय कुणाला ठाऊक नसतात. त्यांच्या पायांशी वाकून बसायचा. टाचेला हात लावायचा. पाऊल उचलून पुढं ठेवायला लावायचा. परत. परत. पन्नास वेळा.

रुहीला म्हटलं, बाई, हे पाच जण चेंडू फेकायच्या वेळी काय करतात? ती म्हणाली, "दे स्टेप बॅक, आबा. मागे येतात, क्वार्टरबॅकला प्रोटेक्ट करायला." आणि पळायच्या वेळी? "फॉरवर्ड. पुढे ढकलतात." मग हा माणूस पन्नास वेळा पुढचं पाऊल कशाला शिकवतोय? ती म्हणाली, "आबा, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स." असं कसं नाही चालत? अहो, मी बावीस वर्षं पोरांना पाऊलच शिकवलं. चढाईला गेलेला गडी हात कुठं नेतो ते बघणारा फसतो, टाच कुठं वळते ते बघणारा पकडतो. आधीच्या कॉलेजात बोमन फेकत होता, कारण तिथं त्याच्याकडं फेकणारा होता. इथं आहे दात दाखवणारा. पण ते पाच जण… रेड्यासारखे. मी कोच असतो तर मीही त्यांच्याच जिवावर खेळलो असतो. गुरुनाथला हे सांगितलं तर तो म्हणतो, "काका, पण पायाचा डेटा कुठे आहे?"

आता इथं, ऑगस्ट लागता लागता, आश्लेषा मधे आली. ती दोन वर्षं माझ्या मागं आहे, गुडघे बदलून घ्या, गुडघे बदलून घ्या. मी नाही म्हणतो. गुडघा काय मागाचा धोटा आहे का, झिजला की नवा घालायला? ती म्हणाली, "आबा, एवढी खात्री आहे ना? मग लावा पैज. पहिल्या मॅचला, पहिल्यांदा चेंडू हातात आला की त्या अख्ख्या पाळीत त्यांनी जास्त वेळा फेकला, तर तुम्ही मुकाट्यानं ऑपरेशन करायचं."

आणि पळवला तर?

"तर या घरात गुडघा हा शब्द कुणी काढणार नाही."

मी हात पुढं केला. आश्लेषा कराडची आहे. शब्दाची पक्की. तिनं हात असा दाबला, मला वाटलं कुठल्या काळी ही पण कबड्डी खेळली असणार.

ऑगस्टच्या शेवटी मॅच. बाहेर अंगाची लाही, घरात वीस माणसं, समोसे, सगळ्यांच्या अंगावर तेच ते लाल शर्ट, मी धोतरात. कॉलेजाच्या हातात चेंडू आला. पहिली संधी. पाच जणांनी पाऊल टाकलं… पुढं. पळवला. दुसरी, पुढं. पळवला. तिसरी, चौथी, पाचवी, मला टीव्हीवर चेंडू दिसतच नव्हता, मी नुसत्या टाचा बघत होतो आणि पाऊल पडायच्या आधी सांगत होतो, पळवणार, पळवणार, आणि मागून गुरुनाथ म्हणतोय, आता फेकेल काका, आता फेकेल, तिसरा डाऊन आहे, सात यार्ड पाहिजेत, आता तर फेकायलाच लागेल… पळवला. अकरा वेळा खेळले, दहा वेळा पळवला. एकदा फेकला, तो जमिनीवर पडला. अकराव्या वेळी सरळ रेषेपलीकडं. गुरुनाथ समोसा खाली ठेवून म्हणाला, "स्मॉल सॅम्पल आहे काका."

मी म्हटलं, अजून ऐका. दोन मॅच हा असाच पळवेल. मग समोरचे सगळे अडवायला पुढं येऊन गर्दी करतील. तेव्हा एकदाच फेकेल, त्यांच्या डोक्यावरून, आणि तिथं अडवायला कुणी नसेल.

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी सांगितलं. आणि तिसऱ्या मॅचला अगदी तसंच झालं. तेव्हापासून गुरुनाथ मॅचच्या आधी मला फोन करतो. म्हणतो, "काका, नुसतं हॅलो करायला केलाय." मला कळतं.

तर मी जिंकलो. आणि तुम्हाला सांगतो, इथंच माझे हाल सुरू झाले.

कारण आश्लेषा शब्दाची पक्की. गुडघा हा शब्द नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात गेलो तर तेलाची बाटली गायब. कुठं आहे? "कशाचं तेल, आबा?" आता काय सांगू? गुडघ्याचं म्हणावं तर पैज मोडली. गरम पाण्याची पिशवी गेली. पट्टा गेला. आधी गाडीतून उतरताना संग्राम हात द्यायचा, मी तो झटकून टाकायचो, ती आमची पद्धत होती. आता तो हातच देत नाही. गाडीला कुलूप लावून पुढं चालायला लागतो. वळून बघतो, म्हणतो, "चला ना आबा." फिरायला जाताना माझ्यासाठी सगळे कोपऱ्यावर थांबायचे. आता थांबत नाहीत. जिन्याच्या पाचव्या पायरीवर मी श्वास घ्यायला उभा राहिलो तर रुही बाजूनं चढून जाते आणि म्हणते, "हाय, आबा." पूर्वी दिवसातून चारदा विचारायचे, दुखतंय का, दुखतंय का. मी ओरडायचो, नाही दुखत. आता दुखतंय म्हणायची माझी तयारी आहे हो. पण विचारेल तर कुणी?

आणि दसऱ्याला मंडळाचं जेवण. देवळाच्या हॉलमध्ये. यंदा कमिटीला हुक्की आली, म्हणे मुलांना आपली पंगत दाखवायची, सगळ्यांनी खाली बसायचं. दरवर्षी माझी खुर्ची आश्लेषा आधी जाऊन धरून ठेवते. यंदा तिनं माझ्याकडं बघितलं, हसली आणि ताटासमोर जाऊन बसली. मी म्हटलं, ठीक. बावीस वर्षं मैदानात काढली, एका सतरंजीला भितो काय? बसलो. बसणं सोपं असतं, वजनच नेतं खाली.

जेवण झालं. पंगत उठली. मी उठेना. म्हणजे मी उठायला निघालो, पाय निघेनात. आता हात वर करून कुणाला बोलवावं तर अख्खं शुगर लँड बघतंय, आणि अजून कालच सगळ्यांना सांगितलेलं, मी कसा पैज जिंकलो. मग काय केलं? जो माणूस जेवतोय त्याला कुणी उठ म्हणत नाही. मी ओरडलो, भात आणा. आणला. खाल्ला. परत भात. परत आमटी. दुसरी पंगत येऊन माझ्या दोन्ही बाजूंनी बसली. मी त्यांच्याबरोबर जेवलो. वाढायला एक मुलगी होती, गोड पोर, इथंच जन्मलेली. "आजोबा, अगेन? आर यू शुअर?" मी म्हटलं, जिलबी पण आण. लांबून गुरुनाथ सगळ्यांना दाखवतोय, बघा काकांचं वय काय आणि भूक काय.

तिसरी पंगत बसायला लागली. माझ्या पोटात दाण्याला जागा नाही. आश्लेषा पदर खोचून वाढायला आली. माझ्यासमोर थांबली. वाकली. हळू आवाजात म्हणाली, "भात वाढू, आबा?"

मी म्हटलं, मला उठव.

"का हो? काय झालं?"

पाय.

"पायाला काय झालं?"

अडकलाय.

"पायाचा कुठला भाग?"

आता बघा. ही बाई हातात भाताचं पातेलं घेऊन उभी, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, मागं लोक वदनी कवळ म्हणतायत, माझ्या कपाळाला घाम. तिला शब्द माझ्या तोंडून हवा होता. मी संघाला हेच शिकवायचो, समोरचा दमेपर्यंत हलू नका.

गुडघा, मी म्हटलं. दोन्ही.

तिनं पातेलं खाली ठेवलं. संग्रामला हाक मारली नाही, कुणाला बोलावलं नाही. माझ्या काखेत हात घातला आणि एका झटक्यात उभं केलं, असं, की बघणाऱ्याला वाटावं सुनेनं सासऱ्याला नमस्कार करायला उठवलं. आणि कानाशी म्हणाली, "गुरुवारी साडेदहाची वेळ आहे. मी जुलैमध्येच घेऊन ठेवली होती."

जुलैमध्ये. म्हणजे मॅचच्या आधी. अहो, पैज लागली तेव्हासुद्धा ही वेळ घेऊन बसलेली. मी म्हटलं, मग मी जिंकलो ते काय? तर म्हणते, "जिंकलात ना. मी कुठे नाही म्हटलं?"

गुरुवारी गेलो. डॉक्टर हिमानी म्हणून आहे, आपलीच मुलगी, ह्यूस्टनला वाढलेली, मराठी बोलताना जीभ जरा अडखळते तिची. फोटो बघितले, मान हलवली. आश्लेषा काही बोलायला लागली तर तिला हातानं थांबवलं. संग्रामकडं बघितलंही नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "काका, दोन्ही नी… गुडघे करायचे आहेत. पण एका वेळी एक. तुम्ही सांगा, आधी उजवा की डावा?"

सहा वर्षं झाली मला या देशात. पहिल्यांदा कुणीतरी माझं मत विचारलं. आणि विचारलं ते हे.