मोनानं दिलेलं मलम

चहा येऊन राहिला तोपर्यंत माझ्या पोटरीचं ऐका. मामेभावाच्या लग्नाले मी नागपूरहून वरठीले गेलो होतो. तिथं बाइकवरून उतरताना गरम सायलेन्सर पोटरीले लागला, चांगलंच भाजलं. मामाच्या शेजारची मोना घरून डबी घेऊन आली. म्हणे, "आईनं करंजाच्या तेलात पाला उकळून बनवलं जी. दिवसातून दोनदा लावजा."

घरी येऊन इमानदारीनं लावलं, तर भाजलं होतं त्याच्या भोवताल लाल पुरळ अन् अशी खाज का विचारू नका. डॉक्टर म्हणे, "मलमाची रिअ‍ॅक्शन आहे, बंद करा." मी मोनाले फोटो पाठवला, तर तिचा फोनच आला.

"अव माय, मीच दिलं ना ते. लय खाजते का जी?"

म्हटलं, "थोडंसं."

मग रोज संध्याकाळी तिचा फोन. आधी पोटरीचं विचारे, मग तिच्या कॉलेजचं, तळ्यातल्या शिंगाड्याचं, आईवर कशी चिडली त्याचं. मी फोन यायच्या आधीच गॅलरीत जाऊन उभा राहो.

एका दिवशी म्हणे, "आता खाजते का?"

"नाही, साफ गेलं."

"बरं झालं, मले टेन्शनच होतं. ठेवू मग?"

"ठेवा."

तो शेवटचा फोन. आता मीच करीन म्हणतो, पण काय म्हणून करू? एवढं खरं सांगाची काय गरज होती बे मले?