समुद्रातला राक्षस आणि समितीची मगर

हॅलो?… हं, बोल छोटी. पटकन बोल, धर्मग्रंथाच्या भाषांतर समितीची बैठक चाललीय, उठून बाहेर आलेय… आईने औषध थुंकून टाकलं? का?… थांब, थांब. तू तिला काय वाचून दाखवलंस?… आमची नवी आवृत्ती? अगं, तिचा जुना ग्रंथ कुठे गेला?… बांधणीला. आत्ताच सुचलं तुला?

हो, माहितीये मला. समुद्रातल्या सात तोंडांच्या राक्षसाची मगर केलीय त्यांनी… छे, मी कशाला करतेय? मी महिनाभर डोकं फोडलं इथे. म्हणे, शिकलेली माणसं हसतील… तुला आवडलं? आवडणारच, तू विज्ञानाची बाई… हो, हो… अगं ऐक ना. राक्षस खरा होता का, हा प्रश्नच नाही… मगर मारायला शिकारी पुरतो गं, त्याला देव कशाला हवा?

आलेच हो, तुम्ही पुढचं पान घ्या… तुला नाही, सचिव डोकावतायत. हं, डॉक्टर काय म्हणाले?… फुप्फुसात पाणी. आणि आई काय म्हणते?… बघ. समुद्र गळ्याशी आलाय म्हणते ना? आणि तू तिला मगर वाचून दाखवतेस… भ्रम नाही गं तो. होतंय तेच सांगतेय ती, तिच्याकडे आहेत त्या शब्दांत… नको, पुन्हा समजावू नकोस. हात जोडते तुझ्यापुढे…

छोटी?… अगं, रडू नकोस. मलाही भीती वाटतेय. फोन तिच्या कानाशी ठेव… उशीवर. हं.

आई? मी बोलतेय… नाही, मगर नाही. चुकीचं आहे ते. जुनं म्हणते, ऐक. ‘पाणी चढले, सात मुखांनी गर्जले, तेव्हा तू…’ पुढचं काय गं?… हो, हो, तेच. तू म्हण… सावकाश. दम खा…

काय?… मेला का तो?… नाही आई. मेला असं कुठेच लिहिलेलं नाही. देवाने वेसण घातलीय त्याला… हो, आहे अजून. पाण्यातच आहे… दोरी? दोरी देवाच्या हातात… नाही गं, सोडत नाही तो… हो. झोपलीस तरी नाही सोडत.

छोटी, दे आता औषध. चमच्याने, हळू… घेतलं?… सगळं?… बरं. निघालेच मी. ठेवते.