आणि साथीदार

सौंदडच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना समीक्षाच्या कानावर शेजारच्या मायलेकाचं बोलणं पडलं.

"माय, कॅसेट कंपनी बाबाच्या गाण्याची जुनी कॅसेट आता मोबाईलवर विकणार हाये. बाबा आता राहिला नाही, म्हून या कागदावर तुयी सही पायजे."

"मोबाईलच्या दुकानवाला तं थे गाणे फुकटात भरून देऊन राहिला होता."

"थे चोरीचं होतं. त्याच्यात बाबाचं नावच नव्हतं."

"अन् बाबाच्या मागून मी गायली, थे?"

"कॅसेटवर 'आणि साथीदार' लिहिलं हाये."

"आता मायं नाव लिहा म्हणा. तवाच सही करीन."

मुलानं तिथूनच कंपनीला फोन लावला. बराच वेळ बोलला.

"लिहितो म्हणाले, माय."

"पुरं नाव सांगतलं ना?"

"सांगतलं. रुक्माबाई देवीदास गजभिये."

समीक्षानं न मागताच आपलं पेन पुढं केलं.