पाचशे मीटरचं वर्तुळ

नाही आई, पायात काटा नाही रुतला. बसा ना दोन मिनिटं या दगडावर — तुम्हालाही दम लागलाय. टँकरचा अर्ज लिहिला का विचारत होतात ना? लिहिला. कमरेला खोचलाय. पण बाबांच्या हातात देववत नाही. ते येईल त्याला सांगतात, 'आमची सूनबाय नकाशातली हाय, तीच लिवंल बराबर' — आणि मी हसते. हसते कसली, तोंड लपवते.

ठाण्याला मी काय काम करायचे, तुम्हाला नीट सांगितलंच नाही. कंप्युटरवर नकाशाचे थर असतात — पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे. एकावर घरं, एकावर रस्ते, एकावर विहिरी, एकावर डोंगराची उंची. मग त्याला विचारायचं — पूर कुठवर चढेल, दवाखाना कुठे हवा, टँकर कुठल्या वाडीला धाडायचा. फार कामाची गोष्ट आहे हो, खरंच. विचारणारा धड हवा, एवढंच. आम्हाला नियम दिलेला — विहीर पाचशे मीटरच्या आत असेल तर टँकर नको. मग विहिरीभोवती वर्तुळ काढायचं. झालं. आपली वाडी चारशे वीसवर — आत. पण ते घार उडते तसं, सरळ रेषेत. ही चढण तिथे चपटी होते, आई. उंचीचा थर लावला असता तर दिसली असती. होता माझ्याकडे. मीच बंद ठेवला — तो लावला की मशीन रेंगाळायचं, चाळीस वाड्या उरल्या होत्या, आणि शुक्रवार होता, मला महाडसाठी वीर स्टेशनला थांबणारी गाडी पकडायची होती. का? शनिवारी महाडला तुम्ही मला बघायला येणार होतात.

हो. तोच शनिवार. पोहे छान झालेत म्हणालात.

त्याच उन्हाळ्यात टँकर बंद झाला, आणि वैशाखात तुम्ही हंड्यासकट घसरलात — या वळणावरच ना? मनगट मोडलं, लग्न मार्गशीर्षात गेलं. मी मोसंबी घेऊन आले होते. 'कुणी मेल्याने बसल्या जागी नकाशा काढलाय' म्हणालात, आणि मी मान डोलावली. माझ्याकडे वाड्यांचे नुसते नंबर होते, नावं नव्हती, मला काय माहीत — नाही. खोटं नको. त्या दिवशी ही चढण चढतानाच शंका आली होती. तुमच्या लेकाला, विनीतलाही बोलले नाही. परवा ग्रामसेवकाने आपल्या वाडीचा नकाशा उघडला — निळं वर्तुळ. तो निळा रंग मीच निवडलेला.

अर्जात काय लिहिलंय, सांगू? 'कोणीतरी चुकीची मोजणी केली.' कोणीतरी! आज सभेत बाबा ते मोठ्याने वाचणार. 'कोणीतरी'वर कोण येणार तपासायला? माझं नाव घातलं, उंचीचं सांगितलं, तर यावं लागेल त्यांना. पण मग वाडीला कळेल. बाबांनाही, सगळ्यांसमोर.

शिव्या द्या. — अहो, त्या हाताने नका उचलू हंडा! ठेवा. ठेवा म्हणते ना.

शेजारची राजश्री येतेय खालून. तुम्ही व्हा पुढे, दोन्ही हंडे मी आणते. आणि बाबांना इतक्यात सांगू नका — नाही, सांगा. मी वर पोचायच्या आत सांगा. जा.